कामकाज : निरंक

"नमस्कार, मी निरंक बोलतेय," पलीकडून एक म्हातारा पण खणखणीत बायकी आवाज म्हणाला, आणि इकडे आरोग्य खात्याच्या कचेरीत तिने सवयीने समोरच्या कागदावर ते नाव उतरवून घेतलं. आडनाव असेल. माणसांना काय वाट्टेल ती आडनावं असतात. मग तिची पेन्सिल थांबली. गेली बावीस वर्षं ती 'काही नाही' सांगणारा हा सरकारी शब्द रोज लिहीत होती, रकान्यांमागून रकाने त्याने भरत होती, पण तो एक दिवस फोन करील असं काही तिला वाटलं नव्हतं. पलीकडचा आवाज रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं. तुम्ही पाठवलेल्या यादीत अठ्ठाविसाव्या ओळीत आमची समिती आहे, आवाज सांगत होता, औषधांच्या लेबलांची; मी तिची निमंत्रक. आमच्यापुढे खर्च निरंक आणि कामकाज निरंक असं लिहिलंय. खर्चाचं बरोबर आहे, आम्ही कधी काही घेतलं नाही. पण गेल्या तीन वर्षांत आम्ही एकतीस वेळा भेटलो, तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं असतं, तेवढं विचारायला फोन केला. तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. शेजारच्या टेबलावरचा लेखापाल कागदाच्या क्लिपा एकमेकींत अडकवून साखळी करत होता. त्याला काहीच ऐकू जात नव्हतं, तरी तिने आवाज खाली आणला.

"बघते," ती म्हणाली. या इमारतीत 'बघते' हा शब्द फोन खाली ठेवण्यासाठी वापरतात. त्याचा बघण्याशी काही संबंध नसतो, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं आणि बहुतेक वेळा ऐकणाऱ्यालाही. म्हाताऱ्या बाईंना ते ठाऊक नसावं, किंवा असूनही त्यांनी सोडून दिलं असावं. त्या म्हणाल्या, बघा हं, कारण गेल्या महिन्यात आम्ही एक शिफारस पाठवलीय. मुलांच्या औषधांच्या बाटल्यांवरून 'चमचा' हा शब्द काढून टाकावा आणि प्रत्येक बाटलीबरोबर मापाचं झाकण द्यावं, अशी. समिती गेली की शिफारसही जाते का हो? तिने पेन्सिल कागदावर टेकवली. जाते. रद्द होणाऱ्या समित्यांच्या, कार्यवाही न झालेल्या सर्व शिफारशी एक तारखेपासून आपोआप व्यपगत होतील, हा सातवा परिच्छेद तिनेच लिहिला होता, आणि 'व्यपगत' हा शब्द सुचल्यावर तिला जरा बरंही वाटलं होतं. आज पहिला मंगळवार, आम्ही दुपारी खालीच असू, दुसऱ्या मजल्यावर, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तिच्या कागदावर 'निरंक' तेवढं राहिलं, आणि त्याच्याखाली, कधी लिहिला ते तिचं तिलाच न कळता, 'चमचा'.

गेले दोन महिने ती आणि तो तक्ता एकमेकांच्या मानगुटीवर बसले होते. आरोग्य खात्याला सल्ला देणाऱ्या एक्केचाळीस समित्या होत्या. काही साथीच्या वेळी नेमलेल्या आणि साथ गेल्यावर घरी जायला विसरलेल्या. काहींचं अस्तित्व पत्राच्या मथळ्यापुरतं. एका समितीचे अध्यक्ष वारून दोन वर्षं झाली होती, तरी त्यांना बैठकीचं निमंत्रण नेमाने जात होतं आणि ते नेमाने गैरहजर राहत होते. या एक्केचाळिसांच्या बारा करायच्या, एकोणतीस रद्द, याला सुसूत्रीकरण म्हणायचं, आणि त्याचा अंदाजपत्रकावर काय परिणाम होईल ते एका तक्त्यात दाखवायचं, हे काम तिच्याकडे आलं. तिने ते जीव ओतून केलं. एकोणतीस समित्यांचा प्रवासभत्ता, मानधन, चहापान, कागद, टपाल मिळून वर्षाची जी बचत निघाली, ती या इमारतीच्या दोन लिफ्टच्या देखभालीच्या खर्चाएवढी होती. हे तिने एकदा गंमत म्हणून पडताळून पाहिलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. लिफ्ट अर्थात बंदच असत. उपसचिवसाहेबांना मात्र तक्ता फार आवडला. ते पोटाच्या आम्लपित्ताने गांजलेले गृहस्थ होते, सहसा कोणाला बरं म्हणत नसत. पण मागच्या आठवड्यात त्यांनी भरल्या बैठकीत तक्ता उंच धरला आणि बाईंच्या कामात बोट ठेवायला जागा नसते, असं म्हणाले. बढतीची यादी पंधरा दिवसांत लागणार होती. फाइल आता साहेबांच्या टेबलावर होती आणि आज चार वाजता ती वर जायची होती. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

चूक कशी झाली ते तिला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं, आणि उगाच कोणावर ढकलायची सोयही नव्हती. या खात्यात एक अलिखित हिशेब आहे, नव्या माणसाला तो पहिल्या आठवड्यात शिकवतात. बैठक झाली की चहा होतो, चहा झाला की बिल येतं. म्हणून बैठक झाली की नाही हे बघायचं तर इतिवृत्तं शोधत बसू नये, चहाचं बिल बघावं. इतिवृत्त घरी बसून लिहिता येतं, चहा घरी बसून कोणी पाजत नाही. तिला हे तिच्या पहिल्या साहेबांनी डोळा मिचकावून सांगितलं होतं, तिनेही पुढे चार जणांना सांगितलं होतं, आणि बावीस वर्षांत हा हिशेब कधी चुकला नव्हता. किंवा चुकला असला तरी कोणाचा फोन आला नव्हता. अठ्ठाविसाव्या समितीच्या नावे तीन वर्षांत प्रवासभत्त्याचा एक कागद नाही, चहाचं एक बिल नाही. खर्चाच्या रकान्यात तिने 'निरंक' लिहिलं, ते खरंच होतं. मग माउसचं बटण दाबून धरलं आणि तोच शब्द शेजारच्या कामकाजाच्या रकान्यात ओढत नेला. एका बोटाचं काम. बाहेर ऊन होतं, खिडकीच्या गजांची सावली तिच्या हातावर पडली होती, आणि आज लवकर निघता येईल असा काहीतरी विचार तिच्या मनात होता. तो क्षण तिला आता इतका स्पष्ट आठवत होता की तिने टेबलावरचं बोट उचलून मांडीवर ठेवलं.

तशी वेळ अजून गेलेली नव्हती. उठावं, साहेबांच्या खोलीत जावं, फाइल मागावी. पण मागताना काय म्हणावं, इथे गाडी अडत होती. अठ्ठाविसाव्या ओळीत चूक आहे, म्हटलं की साहेब विचारणार, मग बाकीच्या ओळींत कशावरून नाही? आणि बाकीच्या ओळींत चहाच्या बिलावरून निकाल लावलेल्या आणखी सहा समित्या होत्या, हे फक्त तिला माहीत होतं. ती पाणी प्यायली. पेला ठेवला तेव्हा त्याच्यावर बोटांचे ओले ठसे उमटले होते. समजा, काहीच केलं नाही, तर काय होईल? एक म्हातारी बाई आणखी एक फोन करील, तिला आणखी एकदा 'बघते' म्हणता येईल. एक तारीख येईल. बाटल्यांवर आज जे लिहिलंय तेच लिहिलेलं राहील, काल होतं तसंच, चाळीस वर्षांपूर्वी होतं तसंच. तिने स्वतःला दटावलं, चाळीस वर्षांचा इथे काय संबंध? पण कागदावरचा दुसरा शब्द तिने पुसला नव्हता, आणि त्याचा अंदाजपत्रकाशी संबंध नव्हता हे तिला कळत होतं.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि भाऊ तीन. बाबा फिरतीवर, आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुपारपाळीला. भावाला सर्दी-खोकला, रात्रभर त्याने कोणाला झोपू दिलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांनी गुलाबी औषध करून दिलं होतं आणि बाटलीवर आपल्या तिरप्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: एक चमचा, तीन वेळा. आईने दारातून चपला घालता घालता तेच सांगितलं, एक चमचा दे गं, विसरू नकोस. ती विसरली नाही. फळीवर दोन तऱ्हेचे चमचे होते, आणि तिने मोठा घेतला, ज्याच्या दांड्यावर तीन पाकळ्यांचं फूल होतं तो. का, ते तिला आजही नेमकं सांगता आलं असतं. तिला तो लवकर बरा व्हायला हवा होता. लहान चमचा तिला कंजूषपणाचा वाटला होता. औषध गोड होतं, त्याने चमचा चाटून घेतला आणि आणखी मागितलं, पण तिने दिलं नाही, कारण एकच सांगितलं होतं. दुपारी एक, चार वाजता एक, अंधार पडताना एक. आई आली तेव्हा घर शांत होतं. आई म्हणाली, बरं वाटलं वाटतं पोराला, निजलाय छान. तो दुसऱ्या दिवशी उठला नाही, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही दुपारपर्यंत उठला नाही.

इस्पितळातल्या पडद्यामागे डॉक्टर तिच्यासमोर वाकून बसले होते, त्यांच्या खिशात तीन पेनं होती. किती दिलंस बाळ? एक चमचा, ती म्हणाली. खरं होतं ते. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि आई म्हणाली, माझी मुलगी खोटं बोलत नाही. मग उरला कंपाउंडर. औषध कडक केलं असणार, हात चळला असणार, पीत असणार. आईने दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं त्यांना बोलून घेतलं, आणि ते हातातला खल तसाच धरून एवढंच म्हणत राहिले, वहिनी, मी एक चमचा लिहून दिलं होतं. सगळे खरंच बोलत होते. दोन महिन्यांनी कंपाउंडरकाका तिथून गेले, का घालवले गेले ते तिला कोणी सांगितलं नाही. भाऊ उठला, खडखडीत बरा झाला, आज दोन मुलांचा बाप आहे. त्या दोन दिवसांच्या झोपेवरून त्याला जे निजू म्हणायला लागले, ते नाव अजून चिकटलंय. घरात कोणी त्याला निजू म्हणून हाक मारली की सगळे हसतात, तीही हसते. चूक मोठ्या चमच्याची होती हे कधी कळलं तेही तिला आठवत होतं. बारा-तेरा वर्षांची असताना, शाळेत विज्ञानाच्या तासाला, मापाची नळी बघताना. घरी येऊन सांगायचं ठरवलं होतं. मग उद्यावर गेलं. चार वर्षांपूर्वी आई गेली, तोवर ते उद्यावरच होतं, आणि आई शेवटपर्यंत त्या माणसाचं नाव निघालं की तोंड फिरवत असे. एकदा गोदामांच्या भागात तिला ते समोरून येताना दिसले होते, खांदे वाकलेले, हातात दुधाची पिशवी. तिने रस्ता ओलांडला होता.

दीड वाजता सगळे डबे उघडून बसले तेव्हा ती जिन्याने खाली उतरली. कुठे, असं लेखापालाने विचारलं, तर म्हणाली, पाय मोकळे करते. सहाव्या मजल्यावरून दुसऱ्यापर्यंत उतरताना तिने दोनदा परत फिरायचं ठरवलं. दुसऱ्या मजल्यावर जुन्या नोंदवह्यांच्या कोठारामागे एक खोली होती, तिथे मोडक्या खुर्च्या ठेवतात एवढंच तिला ठाऊक होतं. खुर्च्या होत्या, पण त्यातल्या धड असलेल्या सात ओढून घेऊन सात माणसं बसली होती. एक निवृत्त मुलांचे डॉक्टर, एक दुकानांच्या पाट्या रंगवणारा, एक शाळामास्तर, कडेवरची मुलं आता मोठी झालेल्या दोन आया, एक जण कोण ते कळलं नाही, आणि मधे सुती साडीतल्या, ताठ पाठीच्या म्हाताऱ्या बाई. त्यांनी चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं होतं, हे त्यांच्या बाटली धरण्यावरूनच कळत होतं. चष्मा काढून, हात लांब करून, त्या एका बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होत्या. नाही वाचता येत, त्या म्हणाल्या, आणि मास्तरांनी वहीत लिहिलं, नाही वाचता येत. ही त्यांच्या कामाची रीत होती. खिडकीत एक मोठा थर्मास होता आणि सात वेगवेगळे कप. ती थर्मासकडे इतका वेळ बघत राहिली की पाट्या रंगवणाऱ्याने तिला चहा हवा का विचारलं. मग त्यानेच, जरा ओशाळून, खुलासा केला की चहा ते पाळीपाळीने घरून आणतात, खात्याला कशाला भुर्दंड.

तिने स्वतःची ओळख करून दिली. सहाव्या मजल्यावरून आलेय, तो तक्ता माझा. एका आईने तिच्यासाठी खुर्चीवरची धूळ पुसली, आणि हे तिला बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं. म्हाताऱ्या बाईंनी वही तिच्यापुढे सरकवली. एकतीस तारखा, एकतीस वेळा सह्या. मग त्यांनी टेबलाच्या टोकावरचं वर्तमानपत्र उचललं, आणि खाली चमचे होते. शंभरावर. आम्ही लोकांना सांगितलं होतं, त्या म्हणाल्या, घरी ज्या चमच्याने औषध देता तो घेऊन या. प्रत्येकाच्या दांड्याला चिकटपट्टी, तिच्यावर आकडा. चार. सात. अडीच. अकरा. काही चकचकीत, काही घासून पांढरे पडलेले, एक लाकडी, एक कुठल्याशा कपाच्या संचातला इवलासा. तिची नजर ओळीवरून सरकत गेली, आणि तो ज्या जागी होता तिथे पोचायच्या आधीच तिला कळलं की तो आहे. दांड्यावर तीन पाकळ्यांचं फूल. तिने तो उचलला. हाताला वजन ओळखीचं लागलं. चिकटपट्टीवर मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं, सतरा.

"सतरा काय?" तिने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"सतरा मिली," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "बाटलीवर चमचा लिहिताना पाच धरलेले असतात. हा पूर्वी घरोघर असायचा, सहाचा संच यायचा. याने दिलं की तिपटीहून जास्त. पोराला काही झालं की आपण घरच्यांना विचारतो, किती दिलंत, तर ते खरंच सांगतात, एक चमचा. खोटं कोणीच बोलत नाही, म्हणून तर सापडत नाही."

"मग चूक कोणाची धरायची?"

"ते आमच्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला नुसतं लेबल बघायला नेमलंय."

ती जिना चढत होती तेव्हा तो आकडा तिच्याबरोबर पायऱ्या चढत होता. सतरा. तीन वेळा सतरा, एक्कावन्न. इतकी वर्षं तिला मोठा एवढंच ठाऊक होतं, किती मोठा ते नव्हतं, आणि ते ठाऊक नव्हतं म्हणून कसंतरी निभत होतं. चौथ्या मजल्यावर तिला धाप लागली. कठडा धरून ती उभी राहिली, आणि तिला एकदम भीती वाटली. साहेबांची नाही, बढतीची नाही. आपण खोटं बोलत नाही या एका गोष्टीवर आपण आयुष्य काढलं, आणि ते खरंच आहे, याची. तिने कधी एक पैसा खाल्ला नव्हता, कधी खोटी सही केली नव्हती. विचारलं त्याचं उत्तर खरं दिलं, विचारलं नाही ते सांगितलं नाही, आणि रकान्यात बसेल एवढाच शब्द लिहिला. वरून कोणीतरी शीळ घालत उतरत होतं. तिने पदर सारखा केला आणि उरलेल्या पायऱ्या चढली. टेबलाशी बसून तिने कोरा कागद ओढला आणि हाताने टिपणी लिहिली, कारण टंकायला घेतली असती तर ती सुधारतच बसली असती. अनुक्रमांक २८ पुढील 'कामकाज : निरंक' ही नोंद चुकीची आहे. ही चूक माझी आहे. सदर समितीच्या तीन वर्षांत एकतीस बैठका झाल्या असून वही पाहिली आहे. एक शिफारस प्रलंबित आहे. तिथे ती थांबली. मग आर्थिक परिणामाचा परिच्छेद असल्याशिवाय या खात्यात टिपणी पुरी होत नाही म्हणून तिने तोही लिहिला. ही समिती रद्द केल्यास होणारी बचत : निरंक. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने हा शब्द लिहून झाल्यावर पुन्हा वाचला, आणि मग खाली सही केली.

साहेबांनी टिपणी दोनदा वाचली. मग खणातून गोळी काढून चघळली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. ते ओरडले नाहीत, ओरडणाऱ्यातले नव्हतेच. त्यांनी शांतपणे समजावलं की एकोणतीस हा आकडा तोंडी वर गेलाय, उद्या तो बाहेर सांगितला जाईल, आता अठ्ठावीस म्हणणं बरं दिसत नाही. औषधांच्या लेबलांचं काम नंतर एखाद्या नव्या समितीत घालता येईल. नंतर म्हणजे कधी, असं तिने विचारलं नाही, कारण नंतर म्हणजे कधी हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. आणि चूक लिहायचीच झाली, तर नजरचूक लिहा, साहेब म्हणाले, संबंधित कर्मचाऱ्याच्या नजरचुकीने. हा संबंधित कर्मचारी या इमारतीत सगळ्या चुका करतो आणि कोणी त्याला कधी पाहिलेलं नाही.

"संबंधित कर्मचारी मीच आहे साहेब," ती म्हणाली. "आणि नजर चुकली नाही. मी बघितलंच नव्हतं."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. एवढं धाडस तुमच्या अंगात कुठून आलं, असं काहीतरी त्यांना विचारायचं असावं, पण त्यांनी वेगळंच विचारलं. शेवटची ओळ तरी काढाल का? बचत निरंक, हे वाचलं की माणूस लगेच दुसऱ्या ओळींची बचत बघायला लागतो. तिला तेच हवं होतं की त्याचीच भीती वाटत होती, हे तिला नीट कळेना. नाही, ती म्हणाली, राहू द्या. साहेबांनी टिपणी तिच्या सहीसकट फाइलला टाचली, स्वतःची आद्याक्षरं कोपऱ्यात इतकी बारीक घातली की भिंग लावावं, आणि घंटी वाजवली. शिपायाने फाइल काखोटीला मारली. बाई, तुम्ही तुमच्याच पायावर धोंडा मारून घेतलात, एवढंच साहेब म्हणाले, आणि त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला.

चार ते पाच या तासात तिने काही काम केलं नाही. टेबलावरच्या वस्तू एका ओळीत लावल्या, मग ओळ मोडली. लेखापालाच्या क्लिपांची साखळी आता टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. बढतीची यादी तिला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि तिच्या जागी कोणाचं नाव असेल तेही. फाइल पाच वाजून दहा मिनिटांनी परत आली. साहेबांनी ती स्वतः आणून तिच्या टेबलावर ठेवली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिने उघडली. टिपणीच्या शेवटच्या ओळीभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं. अनुक्रमांक २८ रद्दच्या यादीतून वगळावा, शिफारस कार्यवाहीस घ्यावी, असं त्याखाली लिहिलं होतं. आणि मग, रेघ ओढून, मोठ्या घाईच्या अक्षरात: इतर ओळींचे काय? सोमवारपर्यंत प्रत्येक ओळ प्रत्यक्ष तपासून सादर करणे. म्हणजे अठ्ठावीस समित्या, अठ्ठावीस ठिकाणी जायचं, अठ्ठावीस वह्या मागायच्या, आणि काय सापडेल ते आपल्या हाताने लिहायचं. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. ती त्या तीन शब्दांकडे बघत राहिली, आणि ते तक्त्याबद्दल आहेत हे ठाऊक असूनही तिला ते कोणीतरी कानात विचारावं तसे ऐकू आले. कचेरी रिकामी होत होती. तिने फोन ओढला आणि भावाचा नंबर लावला.

तो कामावरून निघतच होता, मागे मोटारींचे आवाज येत होते. काय गं ताई, या वेळी, सगळं ठीक ना? तिने प्रस्तावना केली नाही, तिला ती आलीच नसती. निजू, ती म्हणाली, तू लहानपणी दोन दिवस झोपला होतास ना, ते औषध मी मोठ्या चमच्याने दिलं होतं. फुलाच्या. त्याच्यात सतरा मिली मावतं, पाच द्यायला हवं होतं, मी आज बघितलं. पलीकडे मोटारीच ऐकू येत राहिल्या. मग तो हसला.

"म्हणजे माझं नाव तू ठेवलंस तर."

तीही हसली असावी, कारण गालावर ओलं लागलं तेव्हा तिचं तोंड हसलेलंच होतं. तो म्हणाला, अगं नऊ वर्षांची पोर तू, तुला काय कळणार, सोड. मला काही आठवतसुद्धा नाही, छान झोप झाली असेल. तो आणखीही काही बोलत होता, तिला हलकं करण्यासाठी, आणि मधेच थांबला. तो का थांबला ते तिला कळलं. तिला वाटत होतं की त्याला ते सुचू नये, आणि सकाळपासून ती ते त्याला सुचण्याचीच वाट बघत होती.

"मग कंपाउंडरकाका?" तो म्हणाला. "आई त्यांना शेवटपर्यंत..."

"हो."

"गोदामांच्या गल्लीत त्यांच्या मुलाचं चष्म्याचं दुकान आहे. म्हातारा बाहेर स्टुलावर बसलेला असतो. मला येता-जाता दिसतो, मी आपला मान वळवतो, आईमुळे." मोटारींचे आवाज मागे पडले, तो कडेला आला असावा. "त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे, ताई."

'बघते' तिच्या जिभेवर तयारच होता. बावीस वर्षांच्या सवयीने तो आपोआप वर आला, ओठांपर्यंत आला, आणि तिने तो तिथे धरून ठेवला. समोर फाइल उघडी होती, अठ्ठावीस ओळी तिच्याकडे बघत होत्या. सोमवारपर्यंतची मुदत त्यांची होती. स्टुलावर बसलेल्या माणसाची मुदत टळून चाळीस वर्षं झाली होती.

"मी जाते," ती म्हणाली. "दुकान किती वाजता बंद होतं?"